पोचक्काच्या घरचं बियाणं

"हे बियानं कोनाच्या घरचं?"

कोणी चांगला चाललेला नवा कोड दाखवला की भाऊंचा पहिला प्रश्न हा. चष्मा कपाळावर सरकवायचे, पेनाचं टोपण स्क्रीनवरच्या एखाद्या ओळीवर टेकवायचे आणि विचारायचे. कोड बरा आहे की वाईट, चालतो की अडतो, ते सगळं नंतर. आधी तो कुठून आला ते सांगा. मी स्वतः लिहिलाय म्हटलं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. "पोटातून शिकून आली का तू? कुठी पाह्यलं, कोनाले विचारलं, ते सांग ना."

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. ज्याच्यापुढे आपण उगाच खरं बोलू लागतो. मी तर तीन वर्षं बोलले.

चंद्रपुरात एका आरोग्यसंस्थेच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. भाऊ पन्नाशीचे, मी सव्वीसची. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासण्यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम करायचं काम आमच्याकडे होतं. आशाताई गावात रक्त तपासणार, मोबाइलवर नोंद करणार. जंगलात रेंज नसली तरी नोंद मोबाइलमध्ये राहणार आणि रेंज मिळाली की आपोआप वर जाणार. मी सिरोंच्याची म्हणून भाऊंनी माझं नाव टाकून दिलं आणि मला सिरोंचाच म्हणायला लागले. "ए सिरोंचा, चहा सांग." आमच्या घरी तेलुगू, मराठी मी शाळेत शिकले. त्यावरूनही चिडवायचे. "तू तं पुस्तकावानी बोलते. भांडशीन तरी कशी?"

कसं भांडायचं ते पुढे मला त्यांच्याशीच शिकावं लागलं. पण ते नंतर.

भाऊंनी उमेदीची वर्षं घुग्घुसला एका खोलीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये काढली होती. खाणीच्या पाळीवरून सुटलेल्यांची मुलंमुली शिकायला यायची. दार उघडं ठेवलं की ट्रकांची धूळ आत आणि बंद ठेवलं की जीव गुदमरणार. कीबोर्डच्या फटींत कोळशाची पूड बसायची. ती झाडायला त्यांनी दाढीचा ब्रश ठेवला होता. चंद्रपूरच्या स्वच्छ खोलीतही तो ब्रश त्यांच्यासोबत आला. काही सुचेनासं झालं की उचलायचे आणि कीबोर्ड झाडत बसायचे. आम्ही म्हणायचो, भाऊंच्या डोक्याला साबण लागला.

घुग्घुसची एक गोष्ट ते हसत हसत सांगायचे. हजेरी ठेवायचा एक प्रोग्राम त्यांनी रात्रंदिवस खपून केला होता आणि मागेल त्याला देऊन टाकला होता. मग एक दिवस तोच प्रोग्राम दुसऱ्या कोणाचं नाव लावून त्यांच्याच क्लासमध्ये विकायला आला. "माह्याच पोराले माह्या घरी सोयरा म्हून आनलं त्यानं," असं म्हणून भाऊ मांडीवर थाप मारायचे. आम्हीही हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. कोड लिहिणारा माणूस सगळंच स्वतः लिहीत नाही. जगभरातले लोक आपापला कोड खुला ठेवतात. घ्या, वापरा, हवा तसा बदला म्हणतात. बहुतेकांची अट एकच असते, माझं नाव वर राहू द्या. त्याला एक ओळ पुरते.

भाऊंना एक ओळ पुरायची नाही. त्यांच्या प्रत्येक फाइलच्या माथ्यावर 'कोणाच्या घरचं' असा मथळा आणि त्याखाली यादी. त्यात ब्राझीलच्या एका माणसाचं टोपणनाव होतं, ज्याला भाऊंनी कधी पाहिलं नव्हतं. घुग्घुसच्या क्लासमधली एक जुनी विद्यार्थिनी होती. मोहर्लीच्या बाजूच्या एक आशाताई होत्या, त्यांनी सुचवलं होतं की प्रश्नांच्या यादीत आधी 'जेवलात का' विचारा आणि मग बोटाला सुई लावा. खालचा चहावालासुद्धा होता. मोबाइलवरचं बटण मोठं करा, उन्हात दिसत नाही, असं तो एकदा म्हणाला होता. त्याला आपलं नाव यादीत आहे हे कळलं, तेव्हा त्यानं भाऊंचा त्या दिवशीचा चहा फुकट केला.

एकदा मी नेटवरून तीसेक ओळी उचलल्या आणि वरचं नाव पुसून आपल्या फाइलमध्ये चिकटवल्या. नाव लांबलचक होतं, दिसायला वाईट दिसत होतं, एवढंच कारण. भाऊंनी दुसऱ्या दिवशी पकडलं. ओरडले नाहीत. टोपण स्क्रीनवर ठेवून म्हणाले, "चोरी नाई म्हनत मी. पन उद्या यात कीड लागली तं कोनाले विचारशीन?"

मी फाइल बंद करायला गेले.

"माह्या मायले विचार. तिले लिवता येत नाई, पन तिले समजते."

त्या वर्षी धान निघाल्यावर ते संस्थेतल्या आम्हा चौघांना मूल तालुक्यातल्या आपल्या गावी घेऊन गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मागे बियाण्याची मडकी ओळीनं मांडलेली, तोंडं शेणामातीनं लिंपलेली. भाऊंच्या आई ठेंगण्या, कमरेतून वाकलेल्या. एकेका मडक्यावर हात ठेवत त्या सांगत गेल्या. हे मोठ्या नंदेच्या घरचं. हे नदीपलीकडच्या गोंडाच्या घरचं, बारीक पण वासाचं. हे भाऊच्या मामीच्या घरचं. धानाच्या जातींची नावं मी विचारत होते आणि त्या घरांची नावं सांगत होत्या. त्यांच्या लेखी धानाचं नाव तेच.

"काऊन माय?" भाऊंनी मुद्दाम माझ्यासमोर विचारलं.

"बियानं बिघडलं तं त्याच घरी जाऊन पुन्हा आनाव लागते ना बाप्पा. घरच इसरली तं कुठी जाशीन?"

भाऊ माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. परतल्यावर पहिलं काम मी ते लांबलचक नाव वर लिहायचं केलं.

आता माझ्या अत्ताची गोष्ट. अत्ता म्हणजे आत्या. माझी आई मी लहान असतानाच गेली, मला अत्तानं वाढवलं. तिचं नाव जनगम पोचक्का. आमच्याकडे आडनाव आधी सांगतात. ती आरोग्यकेंद्रावर गेली की कोणी लिहायचं जनगम पोचक्का, तर चंद्रपूरहून बदलून आलेल्या नर्सबाई लिहायच्या पोचक्का जनगम. एकीनं तर जनगम हेच तिचं नाव आणि पोचक्का आडनाव धरलं. झालं, कागदावर तीन बायका. अत्ताचं रक्त तीनदा घेतलं आणि काय निघालं ते एकदाही सांगितलं नाही. तिला याचं फार हसू यायचं. "तिघींपैकी एखादी तरी धडधाकट असेल," म्हणायची.

आमच्या प्रोग्राममध्येही हेच होणार होतं. चंद्रपुरात बसून ते कोणाच्या लक्षात आलं नसतं. मी दीड महिना त्यावर बसले. नाव तोडायचं, पुढचं मागे, मागचं पुढे करून पाहायचं, गाव आणि वय जुळतं का बघायचं आणि मग विचारायचं, ही तीच बाई का? प्रोग्राम नीट चालतो का हे तपासायला कोडमध्ये एक नमुना नाव लिहून ठेवावं लागतं. लोक काहीतरी अबक लिहितात. मी अत्ताचं लिहिलं.

ते चाललं त्या दिवशी भाऊंनी तीन-तीनदा नाव उलटसुलट घालून पाहिलं. तिन्ही वेळा स्क्रीनवर अत्ता एकच आली. भाऊंनी ब्रश खाली ठेवला. मला उठवून माझ्या खुर्चीवर बसले आणि यादीत माझं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. आडनाव आधी, आमच्या पद्धतीनं. पुढे लिहिलं, 'नाव जुळवणीचा सारा भाग हिच्या घरचा.'

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. अत्ताला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, त्या साहेबाच्या आईला आपला धान दे. पुढच्या खेपेला तिनं पायलीभर धान फडक्यात बांधून दिला, गोदावरीकाठच्या आमच्या तुकड्यातला. आलापल्लीमार्गे दिवसभराच्या बसमध्ये मी तो मांडीवर घेऊन आले. भाऊंच्या गावी त्यांच्या आईंनी फडकं उघडून दोन दाणे दातांखाली घेतले.

"कोनाच्या घरचं माय?"

"माझ्या आत्याच्या. जनगम पोचक्का."

"पोचक्का," त्या म्हणाल्या, आणि एक रिकामं मडकं ओढलं.

वर्षभरानं संस्थेचं काम संपलं. अत्ता आजारी पडली म्हणून मी सिरोंच्याला परतले. भाऊ चंद्रपुरातच राहिले, कोणीतरी मोठे लोक प्रोग्राम पुढे नेणार आहेत, असं म्हणत होते. सुरुवातीला त्यांचे फोन यायचे, मग कमी झाले. माझाही दिवस अत्ताच्या उशाशी जायचा. त्या पावसाळ्यात ती गेली.

तिच्यानंतर घरात मन लागेना. नागपूरला कोड लिहिण्याच्या एका जागेसाठी अर्ज केला. मला बोलावणं आलं. आमच्या भागातून तिथपर्यंत पोचलेली मी पहिलीच असेन, असं मला तेव्हा वाटलं होतं. दाखवण्यासारखं माझ्याकडे एकच काम होतं. नाव जुळवणीचं. लॅपटॉप उघडून मी ते दाखवायला लागले.

टेबलापलीकडे एक बाई आणि एक गृहस्थ होते. गृहस्थ थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपला लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तोच कोड. माझी प्रत्येक ओळ जिथल्या तिथे. वर 'कोणाच्या घरचं' नव्हतं. ब्राझील नव्हतं, आशाताई नव्हत्या, चहावाला नव्हता. मी नव्हते. एकच ओळ होती, भाऊंच्या पूर्ण नावाची, आणि पुढे सर्व हक्क राखीव.

"हा प्रोग्राम आता बऱ्याच जिल्ह्यांत वापरतात, आमच्याकडे तपासायला आला होता," गृहस्थ म्हणाले. "तुम्ही मूळ लेखकाचं नाव काढून टाकलंय."

भाऊंच्या शेजारी तीन वर्षं बसलेल्या मला हे वाक्य ऐकावं लागलं.

मी म्हटलं, हे मी लिहिलंय. त्यांनी विचारलं, पुरावा? सगळा कोड भाऊंच्या खात्यावर ठेवलेला असायचा आणि ते खातं बंद दिसत होतं. माझ्या जुन्या फाइलमध्ये माझं नाव होतं, पण फाइलमध्ये नाव काय, कोणीही घालू शकतं. मग मला त्यांच्या स्क्रीनवर खाली नमुन्याची ओळ दिसली. जनगम पोचक्का. ती भाऊंनी काढली नव्हती. नमुन्याच्या नावाकडे कोण बघतं?

"ही माझी आत्या आहे," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. गृहस्थ म्हणाले, "असेल. पण एक सांगतो, दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवू नये. तुम्ही तरुण आहात. मूळ लेखकाचं एका ओळीचं पत्र आणलंत तर आठवडाभर आम्ही थांबू."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन भाऊंना फोन लावला. माझा आवाज फुटत होता. त्यांचा नेहमीसारखा होता. "अवो, लिवून देतो ना. त्यात काय एवढं? तू काऊन रडून राह्यली?" मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांची माफी मागितली, उगाच शंका घेतली म्हणून. मूर्ख मी.

चार दिवस पत्र आलं नाही. पाचव्या दिवशी मी चंद्रपूरला गेले. तीच खोली, तीच दोन टेबलं, माझ्या खुर्चीवर कागदांचा ढीग. मला बघून भाऊंनी चष्मा कपाळावर घेतला आणि लगेच परत डोळ्यांवर ओढला.

"भाऊ, माझं नाव कुठं गेलं?"

"बस तं आधी."

"नाव कुठं गेलं?"

"प्रोग्राम घेनाऱ्या लोकाह्यनं म्हटलं, जेवढी नावं तेवढ्या सह्या पायजे. त्या ब्राझीलवाल्याची सही मी कुठून आनू? म्हून म्हटलं, सगळीच काहाडू. कोनावर अन्याय नाई."

"मी ब्राझीलला नव्हते. ह्या खुर्चीवर होते. माझा नंबर तुमच्याकडे होता."

त्यांनी ब्रश उचलला. कीबोर्ड झाडायला लागले. धूळ नव्हतीच. वर न बघताच बोलले.

"खरं सांगू का तुले? जिंदगीभर दुसऱ्याचीच नावं लिवली. माह्यं हजेरीचं नेलं, तवा कोनी माह्यं लिवलं नाई. एकडाव वाटलं, एकट्याचं नाव कसं दिसते पाहू."

मला त्यांची कीव आली. आणि ती आली म्हणून जास्तच संताप आला. हे त्यांनी मला आधी सांगितलं असतं तर मी आपल्या हातानं माझं नाव पुसून दिलं असतं, असं त्या क्षणी वाटलं. आज वाटत नाही.

"ठीक आहे. आता त्या लोकांना एक ओळ लिहून द्या. नोकरी नाही मिळाली तर न मिळो. पण मी चोरलं नाही, एवढं लिहा."

"आता लिवलं तं मी खोटा पडतो, सिरोंचा. सारं माह्यं म्हून सही करून देल्ली मी."

"मग मी चोर ठरले तर चालेल?"

भाऊंनी ब्रश टेबलावर ठेवला, नीट, कडेला समांतर. म्हणाले, "चहा घेशीन?"

मी जिना उतरले. खाली चहावाला म्हणाला, "बाई, लय दिवसांनं. त्या कम्प्युटरात माह्यं नाव अजून हाये ना?" मी हो म्हटलं. त्याला कशाला सांगायचं?

ती जागा गेली ती गेलीच. माझा अर्ज एका नागपूरच्या कचेरीत 'दुसऱ्याचं काम दाखवलं' अशा शेऱ्यासह पडलेला असणार, आणि तो शेरा तिथे तसाच राहणार. भाऊही थोड्याच दिवसांत चंद्रपूर सोडून गेले. कोणी नागपूर म्हणतात, कोणी पुणे. नंबर बदलला. खोलीचं कुलूप मी नंतर एकदा पाहिलं.

आता मी गावोगाव आशाताईंना तोच प्रोग्राम वापरायला शिकवते. हसा खुशाल. कोड लिहायला मिळालं नाही, पण त्यातली कुठली ओळ काय करते हे माझ्याइतकं कोणाला माहीत? या उन्हाळ्याच्या शेवटी यादीत भाऊंचं गाव आलं. शाळेच्या वर्गात प्रशिक्षण होतं. एक आशाताई उठून म्हणाल्या, "मॅडम, आमच्या गावात एकाच नावाच्या दोन जावा हायेत, सारख्याच वयाच्या. हा प्रोग्राम त्याह्यले एकच बाई करून टाकते. कोनाले सांगाचं?"

मला नेमकी ओळ ठाऊक होती. नवऱ्याचं नाव पडताळायचं राहून गेलं होतं, माझीच चूक. दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली असती. पण त्या कोडला आता कुलूप आहे आणि त्यावर ज्यांचं नाव आहे त्यांना ही ओळ कुठे आहे हेसुद्धा सांगता येणार नाही. "वर कळवते," मी म्हटलं.

प्रशिक्षण संपल्यावर सरळ बसथांब्याकडे जायचं ठरवलं होतं. पण भाऊंच्या आईंनी मला दारातून ओळखलं आणि हाक मारली. हाक मारल्यावर कसं जायचं? त्या आणखी वाकल्या होत्या. पाणी दिलं, गूळ दिला आणि लगेच विचारलं, "तो फोन करते का तुले?"

"नाही आई."

"मले बी कमीच करते. काम असन." त्यांनी विषय तिथेच सोडला.

तेवढ्यात शेजारची एक सून टोपली घेऊन आली. पेरणीसाठी धान हवा होता. आई मागच्या खोलीत गेल्या, एका मडक्याचं तोंड फोडलं आणि तिच्या टोपलीत बियाणं ओतलं. मी दारात उभी होते. दाणा मी लगेच ओळखला. आमच्या गोदावरीकाठचा, लांब, टोकाला तांबूस.

"हे कोनाच्या घरचं सांगशीन?" आईंनी सुनेला विचारलं.

"तुमच्या."

"माह्यं काहाचं? पोचक्काच्या घरचं हाये ते. सिरोंच्याची पोचक्का. आमी निसतं राखलं. अर्ध्या गावात पेरते आता. म्हन, पोचक्काच्या घरचं."

"पोचक्काच्या घरचं," सून म्हणाली. टोपली डोक्यावर घेऊन ती गेली.

अत्ता गेली हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग मडक्याचं तोंड पुन्हा लिंपता लिंपता, माझ्याकडे पाठ करूनच, त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या कम्प्युटरात बी तो असंच लिवते ना? ज्याचं त्याच्या नावानं? मीच शिकवलं त्याले लहानपनी."

त्यांच्या बोटांना ओली माती लागली होती. मी ती बघत राहिले.

"हो आई," मी म्हटलं. "तिथंही पोचक्काचं नाव आहे."

तेवढं मात्र खरं होतं.